बर्निस माणसाळली

बर्निसने काचेवर तोंड आपटलं तेव्हा मी मिसेस पिकेटच्या डोक्यात शेवटचा रोलर गुंडाळत होते. ओला टॉवेल भिंतीवर मारावा तसा आवाज झाला. मिसेस पिकेट बसल्या जागी वीतभर उडाल्या.

"ओपल! काय होतं ते?"

"माझ्या भावाची धामण. मान हलवू नका, रोलर सुटेल."

"मोकळी आहे?"

"मोकळी असती तर मी अजून इथे थांबले असते का?"

मिसेस पिकेटनी आरशातून कोपऱ्यातल्या काचपेटीकडे पाहिलं. आत बर्निस मान मागे ओढून, गळ्याची नागमोडी घडी घालून बसली होती आणि शेपटीचं टोक खालच्या कागदावर थडथडवत होती. चांगली सहा फूट लांब, मळकट पिवळी, अंगावर तपकिरी डाग. विष एक थेंब नाही, पण रुबाब असा की खऱ्या विषारी सापांनी हिच्याकडे शिकवणी लावावी. नाव वेन्डलच्या पहिल्या सासूचं. त्याने ते कौतुकाने ठेवलं की सूड म्हणून, हे मला कधी कळलं नाही.

वेन्डल माझा धाकटा भाऊ. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत राहिला आणि वाचा निम्मीअर्धी उरली. डॉक्टरांनी त्याला लफ्किन शहरातल्या एका सेंटरमध्ये ठेवलं. तिथे हातापायाचे व्यायाम घेतात, बोलायला शिकवतात. तो राहायचा त्या ट्रेलरमधले साप क्लबच्या लोकांनी आपसात वाटून नेले. आमच्याकडे साप पाळणाऱ्यांचा क्लब आहे. खत-बियाण्याच्या दुकानामागे महिन्यातून एकदा बैठक भरते, एकजण डोनट आणतो, बाकीचे साप आणतात. कुणाची चावरी धामण असली की ती शेवटी वेन्डलकडे यायची आणि सहा महिन्यांत त्याच्या खांद्यावर झोपायची. फक्त बर्निस त्याला एकट्यालाच हात लावू द्यायची. म्हणून तिला कुणी नेलं नाही. उरली मी.

मला साप आवडत नाहीत. मला स्वस्थ बसणारं काहीच आवडत नाही. चर्चमध्ये प्रवचन चालू असतं तेव्हा मी पुढच्या बाकावरच्या बायकांचे केस मनातल्या मनात कापत असते. तरी बर्निसला माणसाळवायची जबाबदारी मी घेतली, कारण मी एक फार मोठं वचन देऊन बसले होते.

त्याचं असं झालं. सेंटरमध्ये मरीसोल नावाची पोरगी वेन्डलचे व्यायाम घेते. त्या दिवशी तिने त्याच्यापुढे भोकं पाडलेली फळी ठेवली होती. लाकडी खुंट्या चिमटीत धरून भोकात बसवायच्या. वेन्डलने डाव्या हाताने सगळी फळी जमिनीवर लोटली. मग रबरी चेंडू दिला, तो त्याने तिच्या अंगावर फेकला. डॉक्टरांनी मला आदल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे पहिले काही महिनेच खरे. हातात जे परत यायचं ते बहुतेक आत्ताच येईल. यांनी प्रयत्न सोडला तर आम्ही काही करू शकत नाही." आणि हा गडी खुंट्या उडवत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे बघ वेन्डल," मी म्हटलं, "तू हा हात मिटायला शीक. घरी येशील त्या दिवशी मी बर्निस तुझ्या या हातात देते. या उजव्या. देते म्हणजे देते."

त्याने मान उचलून माझ्याकडे पाहिलं. तोंडाची डावी बाजू जराशी हलली. मग मरीसोलला म्हणाला, "बॉल." झटका आल्यापासून त्याने कुणाकडे मागितलेली ती पहिली वस्तू.

आता सांगा. ज्याची बोटं धड मिटत नाहीत, हात थरथरतो, अशा माणसाच्या हातात ही फणकारणारी बाई द्यायची. ती कडाडून चावली असती आणि वेन्डल तिथल्या तिथे संपला असता. रक्ताने नाही हो. त्याला कळलं असतं की जी एक गोष्ट त्याला जमत होती तीही गेली. माझा भाऊ मला माहीत आहे. तो एकदा भिंतीकडे तोंड करून झोपला की त्याला उठवणं कुणाच्या बापाला जमत नाही.

मी ग्रेडीला फोन केला. ग्रेडी क्लबातला, प्रोपेन गॅसच्या टाक्या पोचवतो, छातीपर्यंत दाढी. मी कितीदा म्हटलं फुकटात कापून देते, पण ऐकत नाही.

"मिस ओपल," तो पेटीपुढे उकिडवा बसून म्हणाला, "पहिली गोष्ट. चावली तर हात मागे ओढायचा नाही."

"का? हात माझा आहे."

"ओढलात की तिला कळतं, चावलं की माणूस पळतो. दुसरी गोष्ट. चावली म्हणून लगेच परत पेटीत ठेवायची नाही. नाहीतर सुट्टी मिळते म्हणून ती रोज चावेल."

"माझा पहिला नवरा असाच होता. भांडण उकरून काढायचा आणि मासे धरायला जायचा."

"तिसरी," ग्रेडी न हसता म्हणाला, "झाकण उघडलं की आधी या लोखंडी आकड्याने तिच्या पाठीला हलकं टेकवायचं. म्हणजे तिला समजतं की जेवण नाही, नुसतं उचलणार आहेत. आणि तुमचा एखादा वापरलेला कपडा आत टाका. तुमचा वास ओळखीचा होऊ दे."

मी पार्लरचा ॲप्रन काढून दिला. त्याने नाकाला लावला आणि परत केला. "पर्मच्या औषधाचा वास येतोय. मरेल ती." शेवटी मी माझ्या नाइटगाउनची बाही कापून दिली. ग्रेडीने ती माझ्याकडे न बघता घेतली.

पेटी त्यानेच पार्लरमध्ये आणून ठेवली. माणसांची ये-जा तिच्या डोळ्यांना सवयीची व्हायला हवी, म्हणाला. डोक्यावर टोपीसारखं बसतं ते मोठं ड्रायर जिथे होतं त्या कोपऱ्यात पेटी ठेवली, वर तिच्या उबेचा दिवा लावला, ड्रायर सरकवलं खिडकीजवळ. गिऱ्हाइकांपैकी दोघींनी येणं बंद केलं. बाकीच्या जास्तच यायला लागल्या.

पहिल्या दिवशी तिने माझ्या मनगटाचा चावा घेतला. मी हात मागे ओढला, किंचाळले आणि झाकण लावलं. म्हणजे ग्रेडीचे सगळे नियम एका दमात मोडले. दुसऱ्या दिवशी नाही ओढला. दात टोचले, सुया टोचाव्यात तसे, आणि मी डोळे मिटून उभी राहिले. तोंडात काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग तिने सोडलं, आणि सोडता सोडता माझ्या स्कर्टवर घाण केली. त्या वासाला नाव नाही. मिसेस पिकेट फाटकातूनच परत गेल्या.

ग्रेडी बघायला आला की हसू दाबायचा. "तुम्ही झुरळ मारायला निघाल्यासारखा हात घालता. सावकाश. पीठ मळायला हात घालतो तसा."

"मी पीठसुद्धा असंच मळते."

"तुमची बिस्किटं खाल्लीत मी. कळतं ते."

आम्ही भांडत भांडत शिकत होतो, मी आणि ती. पाठीला आकडा टेकवायचा, थांबायचं, मधल्या भागाखाली हात घालायचा, उचलायचं. ती हिसडे द्यायची, फुत्कार टाकायची, माझ्या बांगडीत डोकं घालून निसटायला बघायची. मला तिच्यापेक्षा घाई. एक डोळा घड्याळाकडे, एक फोनकडे. मरीसोल रोज संध्याकाळी फोन करायची. आज चेंडू अर्धा दाबला. आज खुंटीला बोटं लागली. तिकडे हा पुढे चाललाय आणि इकडे ही जागची हलत नाही. रात्रीचं जेवण मी ओट्याशी उभ्यानेच उरकायची, एक घास खायचा आणि पार्लरमध्ये जाऊन तिच्याकडे बघून यायचं. तीही तशीच काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत असायची. दोघींचा एकमेकींना ताप.

आणि मग एका सकाळी ती शांत झाली.

मी झाकण उघडलं, आकडा टेकवला, ती हलली नाही. हात खाली घातला, उचलली. हिसडा नाही, फुत्कार नाही, शेपूट गप्प. दोरखंडासारखी माझ्या हातावर लोंबत राहिली. नंतर हळूच तिला गळ्यात घातली. तिने डोकं माझ्या कानाखाली टेकवलं आणि नाक जरा वर करून तशीच राहिली. मला वाटलं, माझ्याकडे बघते आहे. मला वाटलं, अखेर ओळख पटली.

काय फुगले होते मी म्हणून सांगू! त्या आठवड्यात येईल त्या बाईला मी बर्निस दाखवली. मिसेस पिकेटनी एका बोटाने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगंबाई, किती गार!" उंदीर तिने खाल्ला नाही, पण कात टाकायच्या आधी खात नाहीत असं ग्रेडी म्हणाला होता, तेच असेल म्हणून मी तो परत फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या डब्याखाली ढकलला. मिसेस पिकेटकडून माझा व्हिडिओ काढून घेतला. लिपस्टिक लावली होती. गळ्यात बर्निस, आणि मी हसतेय, मिरवणुकीत राणी झाल्यासारखी.

व्हिडिओ घेऊन मी लफ्किनला गेले. वेन्डल खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत होता. उजव्या मुठीत चेंडू होता. मूठ पूर्ण मिटलेली नव्हती, पण चेंडू खाली पडत नव्हता. मला रडू फुटणार होतं, पण मी ते दाबलं आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"बघ. तुझी सासू माझ्या गळ्यात पडली."

तो हसला. खरंच हसला, तोंडाच्या एका बाजूने. मग त्याचं हसू थांबलं. त्याने बोटाने खूण केली, पुन्हा लाव. मी पुन्हा लावला. तो फोनला नाक लागेल इतका वाकला. मग मान हलवायला लागला. नाही, नाही, नाही.

"काय नाही?"

"ती..." त्याच्या घशातून शब्द ओढून काढावा तसा आवाज आला. "ती... नाही. ओपल. नाही ती."

"तीच आहे. दुसरी कुठून आणू?"

त्याने फोनच्या काचेवर बोट आपटलं, एकदा, दोनदा, बर्निसच्या डोक्यावर. चेहरा लाल झाला. "बघ! बघ... तोंड... बघ!" मग डाव्या हाताने फोन असा उडवला की तो पलंगाखाली गेला. चेंडूही गेला.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हा जळतोय. जन्मभर सगळं गाव म्हणायचं, वेन्डलच्या हाताला काहीतरी आहे. आणि माझ्या हाताला? माझ्या हाताने त्यांच्या बायका लग्नाला, मयताला, बारशाला नीट दिसल्या, पण ते कुणी म्हणायचं नाही. आता त्याची धामण माझ्या गळ्यात बसली तर ते याच्याने बघवेना.

"तुला बघवत नाही ना?" मी पलंगाखाली वाकून फोन काढत म्हटलं. "एक गोष्ट मला जमली, तर तुझ्या पोटात दुखतंय. ती आता माझी झालीय. तुझ्याविना तिचं काही अडत नाही, समजलं?"

तो ओरडायचा थांबला. मग डाव्या पायाने खुर्ची थोडी थोडी फिरवत त्याने तोंड भिंतीकडे केलं.

घरी येताना मी गाडीत त्याला आणखी चार गोष्टी सुनावल्या. तो नव्हता, तरी सुनावल्या. दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. राग होता, आणि रागाच्या खाली काहीतरी टोचत होतं ते बघायचं नव्हतं.

तेव्हा ग्रेडी उंदरांचं पाकीट द्यायला आला.

"काय म्हणतात बाईसाहेब?"

"गाय झालीय. बघ हवं तर."

तो पेटीपुढे बसला. हसत बसला होता, पण पाठ ताठ झाली. त्याने काचेला तळहात लावला. मग वरच्या दिव्याला लावला. मग दिव्याची वायर बोटाने धरून भिंतीपर्यंत गेला. वायरचं टोक जमिनीवर पडलं होतं. भिंतीतल्या त्या सॉकेटमध्ये ड्रायरची पिन होती.

"हा दिवा कधीपासून बंद आहे?"

मग मला आठवलं. खिडकीजवळच्या सॉकेटमध्ये ठिणग्या उडाल्या होत्या. मिसेस पिकेटच्या डोक्यात रोलर होते, मंगळवारची घाई होती. मी ड्रायर ओढून आणलं, दिव्याची पिन काढली, ड्रायरची लावली. त्यांचं डोकं वाळलं की परत लावणारच होते. त्यानंतर एकामागून एक डोकी वाळत राहिली. आणि खिडकीतला एसी थेट त्या कोपऱ्यावर, कारण बाहेर ऐन उन्हाळ्याचा ऑगस्ट पेटलेला.

"तिचं तोंड बघा," ग्रेडी म्हणाला.

मी बघितलं. तोंड किंचित उघडं होतं. नाकपुडीशी एक बुडबुडा येत होता, फुटत होता, परत येत होता. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती. नाक वर केलं होतं ते हवा मिळावी म्हणून. माझ्याकडे नव्हती बघत ती. एकदाही बघितलं नव्हतं.

"मिस ओपल, ही माणसाळलेली नाही," ग्रेडी हळू म्हणाला. "हिला न्यूमोनिया झालाय. रागवायला अंगात ताकदच नाही हिच्या."

बघ, तोंड, बघ. वेन्डलने फोनच्या एवढ्याशा काचेत एका नजरेत ओळखलं होतं. त्याच्याजवळ शब्द नव्हते म्हणून तो बोट आपटत होता, आणि मी त्याला म्हटलं होतं, तुझ्याविना तिचं काही अडत नाही.

सापांचं बघणारी डॉक्टरीणबाई दोन तासांवर होती. बर्निस उशीच्या अभ्र्यात, अभ्रा माझ्या मांडीवर, बाहेर भट्टी, आणि मी गाडीचा एसी बंद करून घामाने निथळत गेले. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं दिली, सुया दिल्या, दोन दिवसांआड एक टोचायचं, पुढच्या भागात, डोक्यापासून हातभर अंतरावर. "ऊब सोडू नका," त्या म्हणाल्या. "आणि बरी होईल तशी त्रास द्यायला लागेल. तेव्हा घाबरू नका."

"तोवर जगली पाहिजे," मी म्हटलं.

पार्लर मी बंद ठेवलं. एसी बंद, दिवा चालू, आणि मी त्या उकाड्यात फेऱ्या घालत. बसले की उठायची. उठले की तिच्याकडे वाकायची. बुडबुडा आहे? आहे. अजून आहे. सेंटरला जायला पाय उचलत नव्हता. काय सांगणार होते? तुझी बर्निस मारत आणली, असं? डॉक्टर म्हणाले होते त्याला मनस्ताप देऊ नका. ते निमित्त मला बरं सापडलं. मी नुसता फोन करायची.

"छान आहेत," मरीसोल म्हणाली. "एकदम शांत झालेत. काही त्रासच देत नाहीत. सगळ्या नर्स खूश आहेत त्यांच्यावर."

"चेंडू?"

"आता नको म्हणतात. पण भांडत नाहीत हो. फार गरीब झालेत बिचारे."

मी म्हटलं, बरं झालं. त्या वेळी मला खरंच ते बरं वाटलं.

पहिली इंजेक्शनं देताना ग्रेडीने बर्निसला धरलं, मी टोचलं. ती हललीसुद्धा नाही, आणि त्याने मला जास्त भीती वाटली. मग ग्रेडीची गाडी टाक्या घेऊन दूर गेली होती तेव्हा मी एकटीच होते. डाव्या हातात बर्निस, उजव्यात सुई. मी सुई टोचली आणि पुढचं काही कळायच्या आत तिने मान वळवून माझ्या डाव्या हाताचा, अंगठा आणि बोट यांच्या मधला मांसल भाग धरला. धरला तो धरलाच. मी दचकून हात हिसकला. रक्ताची रेघ उठली. ती पेटीत पडली, लगेच घडी घालून बसली, आणि शेपटी कागदावर थडथड थडथड!

मी रक्ताळलेला हात वर धरून पार्लरभर नाचले. "चाव! अजून चाव, भवाने!" शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मी हसत होते, माझ्या नाकातून पाणी गळत होतं. रागवली! माझी बाई रागवली!

आणि नाचता नाचता मी थांबले.

एकदम शांत झालेत. फार गरीब झालेत. भांडत नाहीत.

हाताला टॉवेल गुंडाळला आणि गाडी काढली. दिवा चालू आहे ना हे बघायला दारातून एकदा परत आले, मग निघाले.

वेन्डल पलंगावर होता, भिंतीकडे तोंड करून. केस कुणीतरी कपाळावर पाण्याने चापून बसवले होते, पहिलीतल्या पोरासारखे. चादर छातीपर्यंत नीट ओढलेली. मरीसोल दारात म्हणाली, "आत्ताच जेवलेत. हळू बोला हं, त्यांना त्रास नको."

"त्रास द्यायलाच आलेय मी," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

खुर्ची भिंत आणि पलंग यांच्या मधल्या फटीत घुसवली, म्हणजे त्याला माझ्याकडे बघणं भाग पडलं असतं. त्याने डोळे मिटले.

"वेन्डल, तू म्हणालास ते खरं होतं. ती आजारी होती. मी तिला मारत आणली. तुझा उबेचा दिवा मी बंद केला होता. केस वाळवायला. त्या सॉकेटमध्ये ड्रायर लावलं होतं. मिसेस पिकेटचे केस वाळावेत म्हणून मी बर्निसचा दिवा काढला आणि परत लावायला विसरले. एसी तिच्या डोक्यावर. आठवड्याहून जास्त. आणि तिला न्यूमोनिया झाला तर मी लिपस्टिक लावून व्हिडिओ काढला."

डोळे उघडले. आमच्या आईला राग आला की तिच्या डोळ्यांत जो रंग यायचा तो त्यांत होता.

"पि..." तो म्हणाला. ओठ थरथरले. "पिकेट?"

"हो. तेवढ्या चार केसांसाठी."

तो उठायला धडपडला. डाव्या कोपरावर भार देऊन अर्धा उठला. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. "गाढव!" शब्द स्वच्छ आला, अख्खा, कुठेही न अडखळता. "गाढव! ओपल! म... मूर्ख बाई!"

"आणखी?"

"नालायक!"

"आणखी?"

दार उघडून मरीसोल आत आली. "काय झालं? इतके शांत होते हो!"

"होते ना," मी म्हटलं. "तू मध्ये पडू नकोस." आणि मी टॉवेल सोडून हात त्याच्या तोंडासमोर धरला. "बघ. आज सकाळी. इंजेक्शन देताना चावली. शेपूट आपटत होती."

तो शिव्या द्यायचा थांबला. छाती धपापत होती. त्याने हाताकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलत गेला. तो साप बघतानाचा त्याचा चेहरा होता, तोंड थोडं उघडं, बाकी जग गेलं खड्ड्यात.

"ओढ... ओढलास."

"ओढला. दचकले."

"दात," तो म्हणाला. "आत. दात."

मी बघितलं तर खरंच, रेघेच्या टोकाला काळसर ठिपका होता, कुसळाएवढा. मला दिसलाही नव्हता. मरीसोल म्हणाली, "थांबा, मी चिमटा आणते."

"नको!" वेन्डल गरजला.

त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरून पलंगावर दाबलं. आणि मग उजवा हात आला. चादरीवरून सरपटत, कलत, वाटेत दोनदा पडत आला. अंगठा आणि पहिलं बोट माझ्या जखमेवर टेकलं. बोटं जवळ आली, घसरली. पुन्हा जवळ आली. ठिपक्याच्या बाजूला चिमटा बसला, दुखलं, मी हूं केलं नाही. पुन्हा. त्याच्या कपाळावरून घाम नाकावर आला. तो पुसायला मी हात उचलणार होते, पण मला हलायची भीती वाटली. जन्मात पहिल्यांदा मी हलले नाही. मरीसोल दाराला पाठ लावून उभी होती, तोंडावर हात.

खिडकीतलं ऊन पलंगावरून खाली उतरलं तरी दात निघाला नव्हता. त्याची बोटं शेवटी चादरीवर पडली आणि तो मागे उशीवर टेकला, दमून, चिडून.

"आता आणू चिमटा?" मरीसोलने हळूच विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्या."

घरी आल्यावर मी जखम साबणाने धुतली, औषध लावलं, भोवती सैल पट्टी बांधली. संध्याकाळी ग्रेडी बर्निसला बघायला आला. पट्टी बघून म्हणाला, दाखवा. दात बघून खिशातून चिमटा काढला.

"एक सेकंदाचं काम आहे, मिस ओपल. आत राहिला तर पिकेल."

मी हात पाठीमागे नेला.

"हात लावशील तर दाढी कापेन," मी म्हटलं. "तो वेन्डलचा आहे."